गाडी सुरू होत नाही? आधी कान लावा

मित्रांनो, मलकापूर-खामगाव हायवेवर गॅरेज टाकायचंय ना? मग "गाडी चालूच होईना" म्हणत गिऱ्हाईक आलं की लगेच नवी बॅटरी विकू नका. चावी फिरवा, ऐका. नुसतं टक-टक होतंय? मायनसची वायर आधी सोडवा, टर्मिनलवरचा पांढरट थर घासा, मल्टिमीटर लावा. फुल चार्ज बॅटरी बंद गाडीत साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना 9.6 च्याही खाली घसरली, तर चार्ज करून पुन्हा तपासा, मगच बदला.

इंजिन जोरात फिरतंय, पण पेट घेत नाही? मग बॅटरीचा दोष नाही; पेट्रोल पोचतंय का, स्पार्क येतोय का बघा. (डिझेलमध्ये स्पार्क प्लग शोधणारी पोरंही भेटतात!)

आणि हो, नुसत्या घासण्याने गाडी चालू झाली तरी तपासणीचे पैसे घ्यायचेच. फक्त ते बॉनेट उघडण्याआधी सांगा.