जुन्या बाइकचा ड्रम ब्रेक: कमी भांडवलाचा, जास्त जबाबदारीचा धंदा

गॅरेज लाइनमध्ये कमी भांडवलात काय करता येईल, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. आज एक नेमकं काम सांगतो: जुन्या मोटरसायकलींचे ड्रम ब्रेक.

म्हैसूरचा जावा-येझदीचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. यामाहा आरएक्स १०० पण त्याच सुमारास थांबली. तरी या गाड्या आणि जुन्या बुलेट आपल्या सोलापुरात आजही हौसेनं सांभाळल्या जातात. मालक रंगाला, क्रोमला सढळ हातानं पैसे देतो. ब्रेक मात्र तसाच राहतो. एप्रिल २०१९ पासून नव्या दुचाकींना एबीएस किंवा सीबीएस बंधनकारक आहे. जुन्या गाडीला यातलं काहीच नाही. तुळजापूरहून डबलसीट घाट उतरताना सगळी भिस्त त्या शूंवर!

आधी काम समजून घ्या

लिव्हर ओढला की कॅम फिरतो आणि दोन्ही शू ड्रमला आतून घासतात. यातला एक शू चाकाच्या फिरण्यामुळे ड्रमकडे आणखी ओढला जातो, म्हणून जास्त काम तोच करतो. उतारावर सतत ब्रेक दाबला तर ड्रम तापून फुगतो, लायनर पकड सोडतो आणि लिव्हर हँडलला टेकायला येतो.

"ब्रेक लागत नाही" म्हणून गाडी आली की हे तपासा:

- ड्रम अंडाकृती झालाय का? लिव्हरला धक्के बसत असतील तर शंका घ्या.
- लायनर काचेसारखा गुळगुळीत झालाय किंवा त्यावर ग्रीस उतरलंय का? ग्रीस मुरलेला लायनर पुसून परत बसवू नका, बदला.
- लायनर झिजला म्हणून कुणी कॅमचा लिव्हर दाते सरकवून बसवलाय का? असा कॅम जास्त फिरून अडकू शकतो.

ड्रम लेथवर घासून गोल करता येतो, पण त्यावर कोरलेल्या कमाल मापापर्यंतच. मग शू त्या ड्रमच्या गोलाईला जुळवून घ्यायचे. आणखी एक, जुन्या लायनरमध्ये अॅसबेस्टॉस असू शकतं. धुरळा हवेनं उडवू नका. मास्क लावा, ओल्या फडक्यानं पुसा.

आता हिशोब

आकडे फक्त उदाहरणाचे आहेत. लायनर ३०० रुपये, लेथ २५०, तुमचा दीड तास ३००. झाले ८५०. बरेच जण इथंच थांबतात. पण नवे लायनर बसायला थोडी गाडी चालावी लागते, नंतर परत अॅडजस्टमेंट लागते. त्या अर्ध्या तासाचे १०० आधीच धरा. खर्च ९५०. दर १२०० ठेवला तर २५० हातात राहतात.

गिऱ्हाईक म्हणेल, "भाऊ, कोपऱ्यावर निम्म्यात होतंय." भांडू नका. उघडलेला ड्रम त्याला दाखवा, माप घेऊन बिलावर लिहा, फोटो पाठवा. दर आपोआप पटतो.

आणि ड्रम मापाबाहेर गेला असेल तर काम घेऊ नका. "जरा चालवून बघू" असं म्हणून गाडी बाहेर सोडू नका. त्या दिवशी १२०० रुपये जातील, पण त्या गाडीवर मागे कुणाचं तरी लेकरू बसलेलं असतं.

सुरुवात कशी करायची? एक चांगला लेथवाला गाठा, ड्रमचं आतलं माप घ्यायला व्हर्नियर घ्या आणि एखाद्या जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली महिनाभर शिका. बोर्ड नंतर लावा.