इसार परत मागावा का?

आपल्याकडे घराचा, बैलजोडीचा किंवा लग्नातील वाजंत्र्यांचा सौदा ठरला, की प्रथम इसार हातावर ठेवण्याची रीत आहे. ही रक्कम लहान असते, पण तिचा अर्थ मोठा असतो. देणारा म्हणतो, "मी आता फिरणार नाही", घेणारा म्हणतो, "ही वस्तू मी दुसऱ्या कोणास देणार नाही." इसाराने असे दोघेही बांधले जातात. मग देणारा फिरला तर इसार बुडाला, हा जुना संकेत. तो सर्वकाळ न्याय्य असतो काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो माझ्या भाच्यामुळे. तो बंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये राहतो. होसूर आणि सर्जापूर या रस्त्यांच्या नावांवरून ओळखली जाणारी ही वसाहत आज संगणक-व्यवसायातील तरुणांनी गजबजलेली आहे. आम्ही तिकिटे आणि नाणी जमविली. ही मुले चित्रपटांतील व चित्रकथांतील वीरांच्या हातभर उंचीच्या प्रतिकृती जमवितात. अशा प्रतिकृती मोजक्याच निघतात, बहुधा परदेशातून येतात आणि त्यांची मागणी वर्षभर आधी नोंदवावी लागते. भाच्याने चाळीस हजार रुपयांची एक प्रतिकृती नोंदवून दहा हजार रुपये भरले. पावतीवर छापले होते, 'अनामत कोणत्याही कारणास्तव परत केली जाणार नाही.' वस्तू येण्यापूर्वीच त्याची नोकरी गेली आणि त्याने नोंदणी रद्द करण्यास कळविले. दुकानदाराने तीच वस्तू दुसऱ्या गिऱ्हाइकास शेहेचाळीस हजारांस विकली आणि भाच्याला पावतीवरील ओळ दाखविली. "मामा, सही माझीच आहे," तो म्हणाला, "पण हे बरोबर आहे का?"

प्रथम दुकानदाराची बाजू पाहू. गिऱ्हाइकाच्या शब्दावर तो परदेशी उत्पादकाकडे मागणी पाठवितो आणि स्वतःचे पैसे अडकवितो. उद्या दहा जणांनी हौस फिटली म्हणून पाठ फिरविली, तर दहा खोकी त्याच्या माळ्यावर पडून राहतील. इसार नसेल तर हा व्यापारच चालणार नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही हे तत्त्व मान्य केले आहे. १९४६ मध्ये एका गिरणीने विमानांचे भंगार दहा लाख रुपयांस घेण्याचा करार करून अडीच लाख भरले आणि पुढे सौदा पुरा केला नाही. ती रक्कम इसाराची होती, सबब विक्रेत्याने ती जप्त केली हे योग्यच, असा निर्णय १९६९ मध्ये झाला.

परंतु त्याच वर्षी त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात निराळा निकाल दिला. मौला बक्ष नावाच्या कंत्राटदाराने लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी आणि मासे पुरविण्याचे कबूल करून १८,५०० रुपयांची अनामत ठेविली होती. पुरवठा नीट झाला नाही, तेव्हा सरकारने ती जप्त केली. न्यायालयाने विचारले, तुमचे नुकसान किती झाले? बाजारभाव दाखवून ते सिद्ध करणे सरकारला सहज शक्य होते. सरकारने ते केले नाही. रक्कम परत करावी लागली. मी स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे हा निकाल मला विशेष बोधप्रद वाटतो.

याचे मूळ १८७२ च्या कराराच्या कायद्यातील ७४ व्या कलमात आहे. करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी, असे लिहिलेले असले तरी ती सबंध रक्कम आपोआप मिळत नाही. त्या मर्यादेच्या आत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. भाच्याच्या प्रकरणाशी याहूनही जवळचा असा एक निकाल २०१५ चा आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या १९८२ च्या लिलावात एका संस्थेने ३ कोटी १२ लाखांची बोली करून ७८ लाख भरले होते. पुढे व्यवहार रेंगाळला, त्यात दोष प्राधिकरणाचाही होता. तरी ७८ लाख जप्त झाले आणि १९९४ मध्ये तोच भूखंड ११ कोटी ७८ लाखांस विकला गेला. ज्याला नुकसान झालेच नाही, उलट लाभ झाला, त्याने भरपाई कशाची घ्यावयाची? न्यायालयाने ७८ लाख परत करविले.

रकमेच्या आकाराचाही विचार केला पाहिजे. सरकारी निविदेबरोबर जी बयाणा रक्कम घेतली जाते, ती केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांनुसार अंदाजित किमतीच्या दोन ते पाच टक्के असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये सदनिकेच्या एका व्यवहारात बांधकाम कंपनीला वीस टक्के कापून घ्यावयाचे होते. एकतर्फी अटींचा विचार करून सर्वोच्च न्यायालयाने दहा टक्क्यांची कपात कायम ठेविली. भाच्याकडून घेतलेली रक्कम पंचवीस टक्के होती. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा तर अवाजवी अनामत मागणाऱ्या किंवा नुकसानीच्या मानाने भलताच दंड लादणाऱ्या करारास अनुचित करारच म्हणतो.

आता दुसरी बाजू. वस्तू आलीच नाही, कबूल केल्याहून निराळी आली किंवा दुकानदारानेच नोंदणी रद्द केली, तर 'परत नाही' ही ओळ त्याच्या उपयोगी पडू नये. शब्द त्याने मोडला. इसार पुरताच परत गेला पाहिजे. आंतरजालावरून होणाऱ्या विक्रीसाठी २०२० चे नियम स्पष्ट आहेत: विक्रेता स्वतः सौदा मोडताना तसाच भार सोसत नसेल, तर ग्राहकाकडून त्याने रद्द करण्याचे शुल्क घेऊ नये. मात्र मध्यंतरी सरकारने कर वाढविला म्हणून गिऱ्हाईक फिरले, तर दोष दुकानदाराचा नव्हे. खेळण्यांवरील आयातकर २०२० मध्ये वीसवरून साठ टक्के झाला आणि २०२३ मध्ये सत्तर. करारात वेगळे ठरले नसेल, तर असा वाढीव कर किमतीत मिळविण्याची मुभा १९३० चा मालविक्रीचा कायदा विक्रेत्यास देतो.

तेव्हा माझे उत्तर असे: सौदा दुकानदाराने मोडला तर सर्व रक्कम परत, गिऱ्हाइकाने मोडला आणि वस्तू अंगावर पडली, तर वाजवी इसार दुकानदाराचा, गिऱ्हाइकाने मोडला परंतु वस्तू त्याच किंवा अधिक किमतीस विकली गेली, तर झालेला खर्च वजा जाता बाकी परत. पावतीवरील ओळ हा विचार संपवीत नाही. तो तेथून सुरू होतो.

भाच्याला मी सांगितले, की दुकानदाराला पत्र लिही. पण पहिल्या वाक्यात शब्द आपण मोडला हे कबूल कर. नोंदणीचा, पत्रव्यवहाराचा आणि नवे गिऱ्हाईक शोधण्याचा जो खर्च झाला असेल, तो कापून घेण्यास स्वतःहून सांग, उरलेलेच माग. उत्तर आले नाही, तर १९१५ या क्रमांकाची राष्ट्रीय ग्राहक साहाय्य-वाहिनी आहे आणि त्यापुढे ग्राहक आयोग आहे. पत्र गेले आहे. दुकानदार काय करील, ते पाहावयाचे. पण इसार हातावर ठेवताना दोघांनीही शब्द दिलेला असतो, एवढे त्या दोघांच्या ध्यानी आले, तर आयोगापर्यंत जाण्याची पाळी येऊ नये.