मिग–२१ विमान व वैमानिकांचे मत

मिग–२१ : भारतीय हवाई दलाचे स्वनातीत, म्हणजे ध्वनीहून अधिक वेगाचे, लढाऊ विमान. मूळ रचना सोव्हिएट रशियाची असून भारतात त्याचे उत्पादन नासिक जिल्ह्यातील ओझर येथे, हिंदुस्थान एरोनॉटिक्स लि. या कंपनीच्या कारखान्यात झाले.

लढाऊ विमान निवडताना चढाईचा वेग, वळण्याची क्षमता, उतरण्यातील सुलभता इत्यादींविषयी वैमानिकांचे मत मोलाचे असते. तथापि कोणते विमान मिळणार, हे पुष्कळदा जागतिक राजकारण ठरविते. अमेरिकेने एफ–१०४ विमाने पाकिस्तानला दिली. भारताला ती मिळाली नाहीत. परिणामी १९६२ मध्ये मिग–२१ विमानांसाठी भारताने सोव्हिएट रशियाशी करार केला. १९७१ च्या युद्धात याच विमानांनी पाकिस्तानची एफ–१०४ विमाने पाडली.

मिग–२१ वेगवान व चपळ. मात्र त्याचा उतरण्याचा वेग फार असे. साध्या प्रशिक्षण विमानावरून त्यावर येणाऱ्या तरुण वैमानिकांना हे स्थित्यंतर कठीण जाई. अपघातांचा विचार करणाऱ्या ला फाँटेन समितीने १९८२ मध्ये प्रगत जेट प्रशिक्षण विमानाची शिफारस केली. त्यासाठी ब्रिटिश बनावटीच्या ‘हॉक’ विमानांचा करार २००४ मध्ये झाला आणि ती २००८ मध्ये दलात दाखल झाली. मधल्या काळात अनेक वैमानिक अपघातांत मृत्युमुखी पडले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगढ येथे मिग–२१ सेवानिवृत्त करण्यात आले.