मॉरोविंडची डागडुजी

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात रॉकव्हिल या गावी असलेल्या बेथेस्डा या संस्थेने २००२ च्या मे महिन्यात 'द एल्डर स्क्रोल्स ३ : मॉरोविंड' हा खेळ प्रसिद्ध केला. खेळणाराने नुकत्याच सुटलेल्या एका कैद्याची भूमिका पत्करून व्हार्डनफेल नावाच्या ज्वालामुखीच्या बेटावर उतरावे, आणि पुढे कोणत्या गावी जावे, कोणत्या घराण्याची चाकरी स्वीकारावी, की कोणाचीच न स्वीकारता रानोमाळ भटकावे, याचा निर्णय सर्वस्वी आपल्या मनाने करावा, अशी त्याची रचना आहे. त्याच्या सोबत बाजारात आलेले कितीतरी खेळ विस्मृतीत गेले असताना हा मात्र दोन दशकांनंतरही आवडीने खेळला जातो, याचे श्रेय त्याच्या कथावस्तूइतकेच कर्त्यांच्या एका उदार निर्णयाला द्यावे लागेल: ज्या साधनाने त्यांनी स्वतः ते बेट रचले, ते 'कन्स्ट्रक्शन सेट' नावाचे साधन त्यांनी खेळाबरोबरच गिऱ्हाइकाच्या स्वाधीन केले. त्यामुळे कोणी नवी गावे वसविली, कोणी माणसांना नवे चेहरे दिले, कोणी झाडे बदलली. या भरींना 'मॉड' म्हणतात. मात्र परस्परांना न ओळखणाऱ्या शेकडो लोकांनी एकाच भूमीवर बांधकाम केले म्हणजे भिंती एकमेकींत घुसणारच, आणि ते सारे निस्तरण्यासाठी जी एक निनावी, बिनपगारी, परंतु अत्यंत चोख अशी दुरुस्तीची विद्या या खेळाभोवती निर्माण झाली, तिचा हा परिचय आहे.

प्रथम यंत्राविषयी. मॉरोविंडचे चित्र पडद्यावर उमटविणारे इंजिन बेथेस्डाचे स्वतःचे नव्हते. ते नॉर्थ कॅरोलायनातील न्यूमरिकल डिझाइन लिमिटेड या कंपनीचे 'नेटइमर्स' होय, ज्याला पुढे 'गेमब्रियो' हे नाव मिळाले. या इंजिनात प्रत्येक वस्तू, मग ती वाडगा असो वा देवालय, 'निफ' नावाच्या फाईलमध्ये साठविलेली असते, आणि त्या फाईलमध्ये वस्तूचा आकारच नव्हे, तर तिच्यावर कोणते चित्र पांघरावे, तिचा कोणता भाग पारदर्शक समजावा, प्रकाश तिच्यावर कसा पडावा, याचे सर्व हुकूम क्रमवार लिहिलेले असतात. 'निफस्कोप' नावाच्या साधनाने हे दफ्तर उघडून वाचता येते. दुरुस्तीदाराचा बहुतेक वेळ वाचण्यातच जातो, आणि माझ्या मते या विद्येचे मर्म तेथेच आहे: पडद्यावरचा दोष हा यंत्राचा लहरीपणा नसतो, कोणीतरी लिहिलेला एखादा हुकूम यंत्राने अक्षरशः पाळलेला असतो, आणि तो हुकूम शोधून काढल्याखेरीज केलेली दुरुस्ती ही केवळ रंगसफेदी ठरते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण जमिनीच्या भेगांचे आहे. बेटाची भूमी चौरस खंडांत विभागलेली असून प्रत्येक खंडाची बाजू इंजिनाच्या मापाने ८१९२ एकक भरते. त्यावर ६५ गुणिले ६५ बिंदूंची जाळी टाकून प्रत्येक बिंदूची उंची नोंदविलेली असते. चौसष्ट अंतरांना पासष्ट बिंदू लागतात, म्हणजे खंडाच्या कडेची बिंदूंची ओळ शेजारच्या खंडाच्या दफ्तरातही स्वतंत्रपणे लिहिलेली असते, आणि दोन्ही नोंदी जुळत आहेत तोवर जमीन सलग दिसते. आता एका मॉडने एका खंडात टेकडी उचलली आणि दुसऱ्या मॉडने शेजारच्या खंडात रस्ता सपाट केला, तर इंजिन त्या दोहोंत तडजोड करीत बसत नाही. गावच्या फेरफार-नोंदवहीत जशी शेवटची मंजूर नोंद पूर्वीच्या नोंदीला बाजूस सारते, तशी येथेही सर्वांत शेवटी वाचलेल्या मॉडची त्या खंडाच्या जमिनीची नोंद संपूर्णपणे ग्राह्य धरली जाते, आणि मॉड वाचण्याचा हा क्रम मूळ खेळात फाईलच्या तारखेवरून, जुनी आधी आणि नवी नंतर, असा ठरतो. परिणामी सरहद्दीवर भूमी उभी फाटते आणि त्या फटीतून बेटाखालची पोकळी दिसू लागते. नवखा मनुष्य येथे ग्राफिक्स कार्डाला दोष देतो, ड्रायव्हर बदलतो, प्रसंगी नवे कार्डही विकत आणतो. जाणता मनुष्य मात्र त्या खंडाचा क्रमांक टिपून घेतो, त्याला कोणकोणत्या मॉडांनी हात लावला आहे याची यादी काढतो, आणि त्यांपैकी ज्याने विनाकारण, बहुधा कन्स्ट्रक्शन सेटमध्ये चुकून धक्का लागल्यामुळे, जमिनीची नोंद बदलली असेल त्याची तेवढीच नोंद काढून टाकतो. दोघांचेही बदल हेतुपूर्वक असतील, तर त्या दोहोंचा मेळ घालणारी तिसरी लहान फाईल लिहून ती सर्वांच्या शेवटी ठेवावी लागते.

काही दोष वाचायला सोपे असतात. हवेत पिवळे उद्गारचिन्ह तरंगताना दिसले, तर वस्तूची निफ फाईल जागेवर नाही, एवढाच त्याचा अर्थ. काही मात्र चांगल्या जाणत्यालाही चकवतात. एखाद्या जुन्या मॉडमधील घरात पाऊल टाकताच सारा पडदा काळाठिक्कर व्हावा, दिवे आहेत, माणसे बोलत आहेत, पण दिसत काहीच नाही, आणि तेच घर दुसऱ्याच्या संगणकावर स्वच्छ दिसावे, हा अनुभव पुष्कळांनी घेतला. कारण निघाले ते धुक्याचे: घराच्या नोंदीत धुक्याची घनता शून्य लिहिलेली असली की काही विशिष्ट ग्राफिक्स कार्डे संपूर्ण खोलीच झाकून टाकतात. शून्याच्या जागी एक अत्यल्प अपूर्णांक लिहिला की उजेड पडतो, आणि आज हे काम 'टीईएस३सीएमडी' नावाची आज्ञावली सर्व मॉड एकदम तपासून करून देते.

केसांचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे आणि त्यात रुचीचाही भाग येतो. नव्या मॉडांतील केशरचना सुंदर असतात, परंतु तशा केसांच्या पात्राकडे पाहता पाहता बटांतून मागची भिंत, कधी मागचे पाणीच नाहीसे होते. याचे कारण असे की पारदर्शकता दाखविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात केसाचा रंग मागच्या रंगात मिसळला जातो. कडा मऊ दिसतात, पण त्यासाठी दूरची वस्तू आधी आणि जवळची नंतर रंगविली गेली पाहिजे, आणि एकमेकींत गुंतलेल्या बटांचा असा क्रम जुन्या इंजिनाला बिनचूक लावता येत नाही. दुसऱ्यात प्रत्येक बिंदूची केवळ परीक्षा होते, ठराविक मर्यादेपेक्षा ठसठशीत असेल तर तो रंगवावा, नसेल तर टाकून द्यावा. कडा किंचित करकरीत होतात, पण क्रमाचा प्रश्नच उरत नाही. निफस्कोपमध्ये त्या वस्तूचा पारदर्शकतेचा गुणधर्म पहिल्या मार्गावरून दुसऱ्यावर नेणे हे काही क्षणांचे काम आहे. मी स्वतः करकरीत कडा पसंत करीन. चित्राने मृदू दिसून खोटे बोलण्यापेक्षा किंचित कठोर दिसून खरे बोलावे.

दिव्यांच्या बाबतीत मूळ कर्त्यांविषयी आदरच वाढतो. त्या काळच्या पद्धतीनुसार एका वस्तूवर एका वेळी आठच दिव्यांचा प्रकाश पडू शकत असे. बेथेस्डाच्या कलावंतांनी आपल्या गुहा आणि धर्मशाळा लहान लहान सुट्या तुकड्यांतून जोडल्या असल्याने त्या मर्यादेचा उपद्रव फारसा जाणवत नाही. एखाद्या मॉडकर्त्याने मात्र सबंध दालनाची फरशी एकसंध घडविली, की आपण चालू लागताच कोणते आठ दिवे निवडावे याचा इंजिनाचा निर्णय पावलागणिक बदलतो आणि उजेड दचकल्यासारखा उडी मारतो. उपाय एकच: फरशी पुन्हा तुकड्यांत कापणे.

आता या साऱ्या विद्येतील वादाचा विषय, म्हणजे दूरचे दृश्य. २००२ मधील संगणकांची कुवत ओळखून मूळ खेळात थोड्याच अंतरापलीकडे सर्व काही धुक्यात लपविलेले होते. 'एमजीई एक्सई' या साधनाने ते धुके मागे हटविले. चित्र रंगविण्याच्या जुन्या डायरेक्टथ्रीडी ८ या प्रणालीचे आदेश ते तिच्या आवृत्ती ९ मध्ये रूपांतरित करते आणि दूरची जमीन व इमारती आपल्या स्वतंत्र नोंदींतून रंगविते. त्यामुळे व्हिवेक शहराचे प्रचंड बुरूजवजा खंड आणि बेटाच्या मध्यावरचा लाल पर्वत लांबूनच डोळ्यांत भरतात. त्यातून एक नवा दोषही जन्मला: नवे मॉड बसविल्यावर दूरदृश्य पुन्हा तयार केले नाही, तर पाडलेली इमारत लांबून उभी दिसते आणि जवळ जाताच विरते. परंतु मला त्याहून मोठी हरकत वेगळीच वाटते. धुक्याने ते बेट विशाल भासत होते. ते पूर्ण उठले म्हणजे दोन शत्रू नगरे वस्तुतः किती लगत आहेत हे उघडे पडते, आणि दिवसभराच्या वाटेवरचे भय ओसरते. म्हणून अंतर वाढवावे, पण धुके काही प्रमाणात राखावे, असेच मी म्हणेन. जे दोष नव्हते, हेतू होते, त्यांना हात लावताना दुरुस्तीदाराने शंभरदा विचार करावा.

हा संयम 'मॉरोविंड कोड पॅच' मध्ये उत्तम दिसतो. हे साधन खेळाच्या मूळ कार्यकारी फाईलमध्येच फेरफार करते, परंतु प्रत्येक दुरुस्ती स्वतंत्रपणे निवडण्याची मुभा ठेवते आणि हात घालण्यापूर्वी मूळ फाईलची प्रत बाजूला जपते. याच्या उलट टोकाला 'ओपनएमडब्ल्यू' हा प्रकल्प आहे. त्याचे काम २००८ मध्ये सुरू झाले आणि त्याने जुने इंजिन दुरुस्त करण्याऐवजी ते मुळापासून नव्याने, सर्वांना खुले, असे लिहिले; खेळाचा मजकूर मात्र ज्याने त्याने विकत घेतलेलाच वापरायचा. तेथे मॉडांचा क्रम तारखेवर अवलंबून नसून यादीत स्पष्ट लिहावा लागतो, आणि हरवलेले चित्र भडक किरमिजी रंगाने आपली उणीव जाहीर करते. पण जुन्या इंजिनाच्या खोडी हेरून ज्यांनी आपली कारागिरी साधली होती, त्यांची पंचाईत झाली. प्रतिबिंबाच्या युक्तीने दगडाला उठाव देणारी मॉडे नव्या इंजिनात चकचकीत प्लॅस्टिकसारखी दिसू लागली. कित्येकांनी निफ फाईली एकेक उघडून त्या प्रतिबिंबाचा भाग वगळला. पुढे ओपनएमडब्ल्यूनेच प्रतिबिंबावरही प्रकाशाचे नियम लागू करण्याची सोय दिली, तेव्हा बऱ्याच दगडांना त्यांचा दगडपणा परत मिळाला.

दुरुस्तीचे हे काम संपणारेही नाही. व्हार्डनफेल हे बेट ज्या मॉरोविंड देशाचा भाग आहे, त्याचा मुख्य भूभाग उभारण्यासाठी 'टॅम्रिएल रिबिल्ट' हा संघ २००१ मध्ये, म्हणजे खेळ प्रसिद्ध होण्याच्याही आधी, स्थापन झाला, आणि तो आजही टप्प्याटप्प्याने नवे प्रांत खुले करीत आहे. प्रत्येक नव्या प्रांताबरोबर खंडांच्या नव्या सरहद्दी येतात, दूरदृश्य पुन्हा तयार करावे लागते, आणि त्याच किनाऱ्यावर आधी कोणी दीपगृह बांधून ठेवले असेल, तर त्याची नोंद व नव्या जमिनीची नोंद समोरासमोर ठेवून दुरुस्तीदाराला पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसावे लागते.