हाताच्या पंजाएवढा संगणक आणि उसाच्या पाण्याची वही

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



उसाला पाणी नको, वाफसा हवा, हे आपण सर्वजण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. पण वाफसा आहे की नाही हे ठरवायचे कशावरून? पुष्कळ ठिकाणी वीज आली की मोटर चालू आणि वीज गेली की मोटर बंद, एवढाच पाण्याचा हिशेब असतो. रात्रपाळीची वीज असली की सरी किती भरली हेही कोणी बघत नाही. कृष्णा-वारणाकाठची हजारो एकर काळी जमीन पाणथळ आणि क्षारपड झाली. निचरा नसणे आणि बेहिशेबी पाणी ही त्यामागची मोठी कारणे आहेत. एकदा जमीन फुगली की चर खोदून निचऱ्याचे पाईप गाडावे लागतात आणि तो खर्च लहान खातेदाराला पेलत नाही. म्हणून पाण्याची नोंद ही हौस नव्हे, जमीन राखण्याचे काम आहे.

जमिनीतील ओल मोजणारी तयार यंत्रणा बाजारात मिळते. मात्र काही ठिकाणी तिची दरसाल वर्गणी भरावी लागते आणि वर्गणी थांबली की नोंद दिसायची बंद होते. ज्याच्या घरात विज्ञान शाखेला किंवा आयटीआय-डिप्लोमाला शिकणारा मुलगा-मुलगी आहे, त्याला ही नोंद स्वतःच्या घरी ठेवता येईल असे एक साधन आहे. त्याची माहिती या लेखात देत आहे.

हे यंत्र म्हणजे काय?

एकाच पट्टीवर संपूर्ण संगणक बसवलेला असतो, म्हणून त्याला सिंगल बोर्ड संगणक म्हणतात. यातला सर्वांत परिचित म्हणजे रास्पबेरी पाय. इंग्लंडमधील केंब्रिज येथील मंडळींनी शाळकरी मुलांना संगणक शिकता यावा म्हणून तो तयार केला आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो विक्रीस आला. त्याच्यावर लिनक्स ही प्रणाली चालते. लिनक्सची सुरुवात १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने केली आणि पुढे जगभरच्या हजारो लोकांनी हातभार लावून ती वाढवली. तिला परवान्याची फी नाही. अनेकांनी मिळून उभे केलेले काम सर्वांना वापरता येते, ही गोष्ट सहकारातल्या माणसाला वेगळी समजावून सांगायला नको.

नुसती नोंद ठेवण्यासाठी झिरो २ डब्ल्यू हे २०२१ साली आलेले लहान मॉडेल पुरते. त्याची मेमरी ५१२ एमबी आहे. घेताना पिना जोडलेलाच घ्यावा, नाहीतर ४० पिना डाग देऊन बसवाव्या लागतात. पडदा आणि कीबोर्ड लावून घरच्या संगणकासारखा वापरायचा असेल तर पाय ४ किंवा पाय ५ घ्यावा.

सामान काय लागेल?

१) पाय बोर्ड आणि हवा खेळेल असा डबा.
२) ३२ जीबीचे चांगल्या प्रतीचे मायक्रो एसडी कार्ड. यंत्राची प्रणाली आणि आपली नोंद दोन्ही याच कार्डावर राहतात. इथे काटकसर करू नये.
३) योग्य चार्जर. झिरो २ डब्ल्यूला ५ व्होल्ट २.५ अँपिअर, पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर आणि पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा लागतो. मोबाईलचा जुना चार्जर लावू नये. व्होल्टेज कमी पडले की यंत्र मध्येच अडखळते आणि दोष मात्र भलतीकडेच शोधला जातो.
४) ओल मोजणारे कपॅसिटिव्ह सेन्सर दोन.
५) एडीएस १११५ नावाची छोटी पट्टी. सेन्सर ओलीप्रमाणे कमी-जास्त व्होल्टेज देतो, पण पायला ते थेट वाचता येत नाही. ही पट्टी त्याचा आकडा करून देते. एका पट्टीला चार सेन्सर जोडता येतात.
६) डीएस ३२३१ हे बटणासारख्या सेलवर चालणारे घड्याळ. ते कशासाठी, हे पुढे सांगतो.

मांडणी कशी करावी?

पहिले काम लॅपटॉपवर करायचे. रास्पबेरी पायच्या अधिकृत संकेतस्थळावरून इमेजर नावाचा कार्यक्रम उतरवून घ्यावा. त्यात तीन निवडी येतात: कोणते मॉडेल, कोणती प्रणाली, कोणते कार्ड. झिरोसाठी लाइट प्रणाली निवडावी. तिच्यात चित्रांचा पडदा नसतो, त्यामुळे कमी मेमरीत ती सुखाने चालते. कार्ड निवडताना दोनदा बघावे, कारण त्यावरचे सगळे पुसले जाते.

इमेजर पुढे आणखी माहिती विचारतो. यंत्राचे नाव, वापरनाव, पासवर्ड, घरच्या वायफायचे नाव व पासवर्ड, देश भारत आणि वेळ आशिया-कोलकाता हे सर्व तिथेच भरावे. एसएसएच नावाची सोय चालू करावी. पूर्वी सर्व यंत्रांचा मूळ पासवर्ड एकच असे आणि तो जगाला माहीत होता. एप्रिल २०२२ पासून ती पद्धत बंद झाली आणि आपला पासवर्ड आपणच ठरवायचा असतो. तो घरातल्या दोघांना तरी माहीत असावा आणि कागदावर लिहून पासबुकाबरोबर ठेवावा. मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि पासवर्डही त्याच्याबरोबर गेला, असे होऊ नये.

आता कार्ड पायमध्ये घालून वीज द्यावी. पहिल्या वेळी चालू व्हायला काही मिनिटे लागतात, घाई करू नये. मग त्याच वायफायवरच्या लॅपटॉपवर आज्ञा देण्याची खिडकी उघडावी आणि एसएसएच, एक जागा सोडून वापरनाव, ॲटचे चिन्ह, यंत्राचे नाव, टिंब आणि लोकल असे टंकावे. पासवर्ड टंकताना अक्षरे दिसत नाहीत, ते बरोबर आहे. आत शिरल्यावर ‘सुडो ॲप्ट अपडेट’ आणि नंतर ‘सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड’ या आज्ञा देऊन प्रणाली अद्ययावत करावी. आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत टंकायच्या असतात, येथे त्यांचा उच्चार दिला आहे.

तारा जोडण्यापूर्वी यंत्र बंद करून वीज काढावी. एडीएस पट्टी आणि घड्याळ दोन्ही त्याच चार पिनांवर बसतात: पिन १ वर ३.३ व्होल्ट, पिन ३ वर एसडीए, पिन ५ वर एससीएल आणि पिन ६ वर ग्राउंड. सेन्सरलाही ३.३ व्होल्टच द्यावे. पायच्या नोंदीच्या पिनांना ५ व्होल्ट लागले तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो. यानंतर ‘सुडो रास्पी-कॉन्फिग’ मध्ये जाऊन आयटूसी चालू करावे. आयटूसी-टूल्स बसवून ‘आयटूसीडिटेक्ट’ चालवले की तक्त्यात ४८ आणि ६८ हे आकडे दिसतात. ४८ म्हणजे एडीएस पट्टी आणि ६८ म्हणजे घड्याळ. सेटिंग फाईलमध्ये घड्याळाची ओळ घातल्यावर ६८ च्या जागी यूयू अशी अक्षरे येतात, तो बिघाड नव्हे.

पुढचे काम पायथन भाषेतल्या छोट्या कार्यक्रमाचे: आकडा वाचायचा, तारीख-वेळ लावायची, फाईलमध्ये एक ओळ लिहायची. २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून पायथनच्या जादा लायब्ररी बसवायला आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट तयार करावे लागते, एवढे मुलांनी ध्यानात ठेवावे. क्रॉन नावाच्या सोयीने हा कार्यक्रम दर १५ मिनिटांनी आपोआप चालतो. दिवसाला ९६ नोंदी, वर्षाला ३५,०४० ओळी होतात आणि त्या दोन-तीन एमबीत मावतात. म्हणजे कार्ड भरण्याची चिंता नाही.

नोंद बिघडवणाऱ्या तीन गोष्टी

पहिली, अचानक जाणारी वीज. कार्डावर लिहिणे चालू असताना वीज गेली तर कार्ड बिघडू शकते. म्हणून ५ व्होल्टचा छोटा यूपीएस लावावा आणि तो आपल्या मॉडेलला लागेल तेवढे अँपिअर देतो का, हे बघूनच घ्यावा. यंत्र बंद करताना ‘सुडो पॉवरऑफ’ ही आज्ञा द्यावी, हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की मगच प्लग काढावा. आठवड्यातून एकदा नोंदीची फाईल लॅपटॉपवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी.

दुसरी, चुकलेले घड्याळ. पाय ५ सोडला तर या बोर्डांत स्वतःचे घड्याळ नसते, आणि पाय ५ मध्येही त्याचा सेल वेगळा घ्यावा लागतो. समजा रात्री ११ ला वीज गेली आणि पहाटे ५ ला आली. नेट नसेल तर यंत्र साधारण ११ पासूनच पुढे मोजू लागते. पहाटेची ओल रात्रीच्या खात्यात पडते आणि कोणत्या पाळीला किती पाणी मुरले हा सगळा हिशेब चुकतो. डीएस ३२३१ घड्याळ लागते ते याचसाठी.

तिसरी, चुकीची जागा. पाय आणि एडीएस पट्टी मोटरच्या स्टार्टरशेजारी ठेवू नये. सेन्सरच्या तारा आखूड असाव्यात, लांब तारांनी आकडे हलतात. तारा पाईपमधून न्याव्यात, उंदीर सोडत नाहीत. उभ्या हिरव्या उसातून वायफायची लहर फार पुढे जात नाही, म्हणून पहिला प्रयोग वस्तीलगतच्या सरीतच करावा.

आकड्याचा अर्थ कसा लावावा?

नुसता आकडा काही सांगत नाही. आपल्याच रानातली वाळलेली माती डब्यात घेऊन सेन्सरचा आकडा लिहावा, मग तीच माती पाण्याने पूर्ण भिजवून आकडा लिहावा. या सेन्सरमध्ये साधारणपणे कोरड्याला व्होल्टेज जास्त आणि ओल्याला कमी येते. काळ्या रानाचे आकडे मुरमाड रानाला लावू नयेत. एक सेन्सर ६ इंचांवर आणि दुसरा १ फुटावर, मुळीच्या कक्षेत बसवावा. सेन्सरच्या वरच्या भागातील जोडणी उघडी असते, ती पाण्यापासून झाकावी.

पहिले दोन महिने यंत्रावर विसंबून पाणी देऊ नये. रोज हाताने माती घेऊन मुठीत दाबून बघावी आणि वाफसा वाटला त्या दिवशीचा आकडा वहीत लिहावा. असे आठ-दहा वेळा झाले की आपल्या रानाचा वाफशाचा आकडा हाती येतो. त्यानंतर फुटाखालचा सेन्सर अजून ओला असताना मोटर चालू करायची की ती पाळी पुढे ढकलायची, हे अंदाजाने नव्हे, नोंद बघून ठरवता येईल.

मोटर चालू-बंद करण्याचे काम मात्र या यंत्राकडे लगेच सोपवू नये. थ्री फेजचा स्टार्टर हे जाणत्या वायरमनचे काम आहे आणि विहिरीवर माणूस काम करीत असताना मोटर आपोआप सुरू होणे जिवावरचे आहे. आधी एक हंगाम नुसती नोंद ठेवावी.

शेवटी एवढेच सांगणे की, यंत्र लहान आहे आणि दोन-चार दिवसांत उभे राहते. खरी मेहनत नोंद अखंड आणि खरी ठेवण्यात आहे. अडसालीचा ऊस रानात दीड वर्ष उभा असतो. त्या दीड वर्षाची पाण्याची वही ज्याच्या घरात असेल, त्याला खोडव्याचे पाणी ठरवताना दुसऱ्याला विचारावे लागणार नाही. ज्या सभासदांनी अशी नोंद सुरू केली असेल त्यांनी आपली वही घेऊन शेतकी कार्यालयात जरूर यावे. माती परीक्षणाच्या अहवालाशेजारी ती मांडून पाण्याच्या पाळ्या ठरवता येतील.