टोपीचे माप आणि बुद्धीचे माप

स्टोअरमध्ये बेरे टोप्या वाटल्या जातात तेव्हा एक विनोद हमखास होतो. मोठ्या मापाची टोपी लागणारा ‘स्कॉलर’ ठरतो आणि लहान मापाचा गप्प बसतो. पण शंभर वर्षांपूर्वी डोक्याच्या मापावरून माणसांची प्रतवारी लावण्याचे काम मोठमोठे प्राध्यापक गंभीरपणे करत होते.

आधी प्राण्यांचे पाहू. आपला मेंदू सुमारे १.३५ किलोचा, हत्तीचा ४ ते ५ किलोचा, तर स्पर्म व्हेल या देवमाशाचा जवळपास ८ किलोचा. वजनावरच सगळे ठरले असते, तर एनडीएच्या लेखी परीक्षेत देवमासाच पहिला आला असता! मोठे शरीर चालवायला मेंदूही मोठा लागतो, म्हणून शरीराच्या तुलनेत मेंदू किती हे पाहावे, असे शास्त्रज्ञांनी ठरवले. पण तिथेही काही चिचुंद्र्या आपल्याला मागे टाकतात.

खरा फरक पेशींच्या संख्येत आणि त्या कुठे आहेत यात सापडतो. हत्तीच्या मेंदूत सुमारे २५७ अब्ज चेतापेशी असतात, आपल्या मेंदूत ८६ अब्ज. मात्र हत्तीच्या बहुतेक सगळ्या पेशी हालचाली सांभाळणाऱ्या लहान मेंदूत आहेत. विचार, नियोजन ज्यात चालते त्या मेंदूच्या बाह्य आवरणात हत्तीच्या ५.६ अब्ज, तर आपल्या सुमारे १६ अब्ज पेशी आहेत. कावळ्याच्या इवल्याशा मेंदूत तर पेशी फार दाटीने बसवलेल्या असतात. खडे टाकून पाणी वर आणणाऱ्या कावळ्याची गोष्ट आपण बालवाडीत ऐकली. २००९ मध्ये कावळ्याच्या कुळातल्या रूक पक्ष्यांनी प्रयोगात ते खरेच करून दाखवले.

माणसाच्या वंशात मात्र मेंदू वाढत गेला, हे नक्की. तीसेक लाख वर्षांपूर्वीच्या ऑस्ट्रेलोपिथेकसची कवटी सुमारे ४५० घनसेंटिमीटरची होती. आपल्या देशातला पुरावा नर्मदेकाठचा. ५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना मध्य प्रदेशातील हथनोरा येथे एका प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग सापडला. तिच्या आकारमानाचे अंदाज ११५५ ते १४२१ घनसेंटिमीटर असे आहेत, म्हणजे जवळजवळ आपल्याएवढे. निअँडरथल मानवाचा मेंदू तर आपल्याइतका, कधी मोठाही होता. तरी तो नामशेष झाला. मेंदू हे खर्चिक प्रकरण आहे: वजन शरीराच्या २ टक्के, पण ऊर्जा खातो सुमारे २० टक्के.

आणि एका माणसाची दुसऱ्याशी तुलना केली तर? तिथे आकाराचा आणि बुद्धीचा संबंध फार क्षीण आहे. आइन्स्टाइनचा मेंदू १.२३ किलोचा, म्हणजे सरासरीहून हलकाच भरला होता.

ज्या प्राध्यापकांचा वर उल्लेख केला, त्यांपैकी एक बर्लिनचे ऑयगेन फिशर. गोऱ्या युरोपीय लोकांच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असतो, त्यामुळे त्यांची कवटी दोन्ही बाजूंना सारखी नसते आणि म्हणूनच ते अधिक तर्कनिष्ठ असतात, असे त्यांचे गृहीतक होते. ते तपासण्याचे काम १९२८ मध्ये पुण्याहून गेलेल्या एका विद्यार्थिनीकडे आले. तिचे नाव इरावती कर्वे. पुढे ‘युगान्त’ लिहिणाऱ्या त्याच. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. कवट्या थोड्याफार वाकड्या सगळ्यांच्याच होत्या, वंशाशी त्याचा काही संबंध दिसेना. जे दिसले तेच त्यांनी प्रबंधात लिहिले. परक्या देशात, पदवी ज्यांच्या हाती त्याच गुरूंच्या मताविरुद्ध, वयाच्या पंचविशीच्या आत! माझ्या मते या सगळ्या विषयातले सर्वांत धाडसाचे काम हेच. पदवी मिळाली, पण गुण अगदी काठावरचे, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

१९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर आला त्या वर्षी, फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. इरावतीबाई तोवर पुण्याला परतल्या होत्या. पुढे डेक्कन कॉलेजमध्ये राहून त्यांनी गावोगाव, रानोमाळ फिरत माणसांची मापे घेणे चालूच ठेवले.