विश्लेषण : आभाळ कोरडे, तरी सहस्रकुंडचे पाणी का वाढते? कड्यावरून फिरताना धोका नेमका कुठे?

पावसाळा लागला की नांदेड, लातूर, हिंगोलीच्या गाड्या इस्लापूरच्या दिशेने वळतात. किनवट तालुक्याच्या जंगलपट्ट्यात पैनगंगा काळ्या खडकावरून खाली झेपावते, तोच सहस्रकुंड धबधबा. अलीकडचा काठ मराठवाड्यात, पलीकडचा विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत पाणी झकास दिसते. पाय ज्यावर ठेवायचा, तो खडक मात्र त्यात फारसा दिसत नाही.

कडा कसा तयार होतो?

दख्खनचे पठार सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून तयार झाले. हे थर सगळीकडे सारखे नाहीत. काही घट्ट आणि उभ्या भेगांनी चिरलेले, तर काही जाळीदार, ठिसूळ. धबधब्याचे पाणी पायथ्याचा ठिसूळ थर आधी पोखरते. वरचा घट्ट खडक छपरासारखा पुढे राहतो आणि कधी तरी उभ्या भेगेतून सुटून कोसळतो. त्यामुळे धबधबा हळूहळू मागे सरकतो आणि पुढे उभ्या भिंतींची घळ उरते.

फिरणाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. अगदी टोकाचा खडक वरून भक्कम दिसला तरी त्याच्याखाली आधार असेलच असे नाही. कडेला समांतर गेलेली भेग दिसली, तर तिच्या अलीकडेच थांबायचे. फोटो चांगला येतो तो नेमका पलीकडून, हीच अडचण आहे.

दुसरी फसगत रांजणखळग्यांची. प्रवाहात अडकलेले गोटे भोवऱ्यासारखे फिरत खडकात गोल खड्डे पाडतात. निघोजला कुकडी नदीत ते प्रसिद्ध आहेत. सहस्रकुंडच्या तर नावातच कुंडे आहेत. गढूळ पाण्याने भरलेला असा खळगा वरून साध्या डबक्यासारखा दिसतो, खोली कळत नाही.

पाऊस नसताना पाणी कुठून येते?

इसापूर धरणातून. पैनगंगेवरील हे मोठे धरण सहस्रकुंडच्या वरच्या बाजूला आहे. धरण भरत आले की दरवाजे उघडून पाणी सोडले जाते. इस्लापुरात लख्ख ऊन असले तरी पात्र फुगते, ते यामुळे. वरच्या खोऱ्यात झालेला पाऊसही असाच उशिरा खाली पोहोचतो.

बातम्यांत विसर्ग क्युसेकमध्ये दिला जातो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. म्हणजे १० हजार क्युसेक विसर्ग हा सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर झाला, साधारण २८ मोठे टँकर दर सेकंदाला! पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला, तर पायावरचा रेटा चौपट. शेवाळलेल्या खडकावर घोट्याच्या वर आलेले वेगवान पाणीही धडधाकट माणसाला आडवे करू शकते.

पाणी वाढण्याआधी बहुतेकदा खुणा दिसतात. स्वच्छ धार गढूळ होते, काटक्या-पालापाचोळा वाहत येतो, आवाज जड होतो. यातले एक जरी दिसले तरी सामान आवरत बसू नये, काठाच्या वर यावे. निघण्यापूर्वी इसापूरचा विसर्ग बघून घेणे हवामानाच्या अंदाजाइतकेच गरजेचे आहे. अनेक कुटुंबे मुलांसाठी डबा-पाणी सगळे घेतात आणि ही एक गोष्ट विसरतात.

लातूरला अशी दरी का नाही?

लातूरकरांचा हा जुना प्रश्न. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीत खोल छिद्र घेण्यात आले, तेव्हा बेसॉल्टची जाडी ३३८ मीटर निघाली. सह्याद्रीत १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई याच खडकाचे आहे. पाऊसही बघा : महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, लातूरला आठशेच्या आसपास. त्यात सह्याद्रीचा उतार कोकणाकडे एकदम तुटतो, तर मांजरा पठारावरून संथ वाहते. खोल दरी कोरायला पाण्याला ना उतार मिळाला, ना जोर.

म्हणून लातूरला दऱ्यांऐवजी ‘बेटे’ आहेत. इथे बेट म्हणजे पाण्याने वेढलेली जमीन नव्हे, सपाट रानात उठलेली टेकडी. उदगीर तालुक्यातील हत्तीबेट आणि चाकूर तालुक्यातील वनौषधींसाठी ओळखले जाणारे वडवळ नागनाथ बेट ही त्यांतली नावाजलेली. लहान मुलांना कड्यावरून चालायची सवय लावायला ही ठिकाणे सहस्रकुंडपेक्षा कधीही बरी.

मग जायचे कधी?

गर्दी ऑगस्टमध्ये असते, पण पायी फिरायला ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगला. पाणी असते, खडक वाळलेला असतो, आकाश स्वच्छ असते. त्याच फेरीत माहूर जोडता येते. तिथल्या किल्ल्याला तीन बाजूंनी पैनगंगेचा वेढा आहे आणि तटावरून नदीचे वळण व सागाचे रान दोन्ही दिसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये हा साग पाने गाळतो; थाळीएवढी वाळलेली पाने उतारावर भेगा झाकतात आणि पायाखाली सरकतात. अशा वेळी हातात काठी हवी.

नदीकाठाने वाट दिसते म्हणून जंगलात शिरू नये. पैनगंगा अभयारण्य यवतमाळ आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत पसरलेले आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात जायला वन विभागाची परवानगी लागते. या भागात मोबाइलची रेंज सगळीकडे मिळतेच असे नाही. त्यामुळे कुठे चाललो आणि कधी परतणार, हे घरी किंवा गावात सांगून निघावे. रेंज असेल तर मदतीसाठी ११२, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७.